उपद्रवी आज्ञावली, संगणकीय
संगणकात मालकाच्या नकळत शिरून तेथील माहिती चोरणाऱ्या, बिघडविणाऱ्या किंवा अडवून ठेवणाऱ्या आज्ञावलीस (प्रोग्रॅमला) ही संज्ञा लावतात. व्हायरस दुसऱ्या फाइलीला चिकटतो आणि ती उघडली की पसरतो. वर्मला असा आश्रय लागत नाही, ती जाळ्यातून स्वतःच फैलावते. ट्रोजन उपयुक्त आज्ञावलीचे सोंग घेतो. हे वर्गीकरण ढोबळच होय, कारण एकाच आज्ञावलीत यांतील अनेक गुण एकवटतात. रॅन्समवेअर फाइली कूटबद्ध करून खंडणी मागते. जून २०१७ मध्ये न्हावा-शेवा येथील एका कंटेनर टर्मिनलचे काम विस्कळीत करणारी नॉटपेट्या खंडणी मागत असे. मात्र फाइली परत मिळण्याची सोयच तीत नव्हती.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ला (ऑगस्ट २०१८) अधिक उद्बोधक आहे. एटीएमवरील मागणी 'स्विच' या मध्यस्थ यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते आणि खात्यातील शिल्लक पाहून होकार मिळतो. हल्लेखोरांनी उपद्रवी आज्ञावलीच्या साहाय्याने तोतया स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला न विचारताच होकार देऊ लागला. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे काढण्यात आले. १३ ऑगस्ट रोजी 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय बँक-संदेशप्रणालीद्वारे आणखी सु. १४ कोटी रु. हाँगकाँगला वळविण्यात आले. एकूण सु. ९४ कोटी रु. गेले. मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नसल्याने ठेवीदारांच्या खात्यांतून मात्र काही वजा झाले नाही. तोटा बँकेस सोसावा लागला.