मातीचे घर आणि पावसाची झड : धारवाड परिसरातील कुटुंबांसाठी पूर्वतयारी

आपत्ती म्हटली की सागरी वादळ, महानदीचा पूर किंवा भूकंप डोळ्यांपुढे येतो. हुबळी-धारवाड परिसराला समुद्र नाही, आणि कोणतीही मोठी नदी ह्या जोडशहराला लागून वाहत नाही. त्यामुळे येथील कुटुंबांत एक प्रकारची निश्चिंती आढळते. ती निराधार आहे, हे ऑगस्ट २०१९ मधील अतिवृष्टीने दाखवून दिले. त्या वेळी धारवाड जिल्ह्यात पुराच्या पाण्याइतकेच पडलेल्या भिंतींनी कुटुंबांना उघड्यावर आणले.

ह्याचे कारण घरांच्या रचनेत आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस कलघटगी-अळणावर भागात पाऊस अधिक, म्हणून घरे उतरत्या कौलांची. पूर्वेस नवलगुंद-अण्णिगेरीकडे काळ्या जमिनीचा मैदानी प्रदेश लागतो, पाऊस कमी होतो, आणि मातीच्या जाड भिंतींवर मातीचेच माळवद अशी घरे दिसू लागतात. कमी पावसाच्या मुलखात ही रचना मोठी समंजस होय. उन्हाळ्यात ती थंडावा देते आणि खर्चही बेताचा येतो. परंतु आठ-आठ दिवसांची झड लागली की तिचे गुण दोष ठरतात. भिंतीचा पाया ओल शोषून मऊ पडतो आणि त्याच वेळी माळवदाची माती पाणी पिऊन जड होते. म्हणजे भार वाढतो तेव्हाच आधार खचतो. पाऊस थांबल्यावरही मुरलेली ओल आपले काम करीत राहते, म्हणून ऊन पडले की धोका टळला असे मानणे चुकीचे आहे.

गळती थांबविण्यासाठी दरवर्षी जुन्या थरावर नवा थर चढविण्याची पद्धत विशेष घातक आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे अंगावर कोसळून. धारवाडकडील कारण पावसाचे असले तरी छपराच्या वजनाचा धडा तोच आहे. मे महिन्यात जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवी माती घालू नये. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी साचू न देता चर काढून दूर न्यावे. भिंतीला पोट सुटणे, तिरपी भेग रुंदावत जाणे, बिजागरी शाबूत असताना दार अचानक अडू लागणे, छतातून माती झरणे ह्यांपैकी एक खूण दिसली तरी त्या खोलीत रात्री कोणी झोपू नये. बहुतेक घरांत म्हातारी माणसे व लहान मुले उबेसाठी भिंतीला लागूनच निजतात, हे येथे लक्षात घ्यावे.

पक्क्या बांधकामाचे घर आपोआप सुरक्षित असते असेही नाही. १९ मार्च २०१९ रोजी धारवाडच्या कुमारेश्वरनगरात बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळून १९ जणांचा बळी गेला. तेव्हा पावसाचा प्रश्नच नव्हता. गाळा विकत वा भाड्याने घेणाऱ्याने मंजूर नकाशा पाहण्याचा आग्रह धरला पाहिजे. त्यात संकोच करण्याजोगे काही नाही.

ओढ्यांचा प्रश्न निराळा. बेण्णीहळ्ळ शिग्गाव तालुक्यात उगम पावून नवलगुंदच्या सपाटीतून मलप्रभेस मिळतो. तुप्परीहळ्ळाचे पाणी त्यालाच येऊन मिळते. एरवी गुडघाभर पाण्याचे हे ओढे वरच्या भागात पाऊस झाला की गावावर आभाळ निरभ्र असतानाही फुगतात. ओळखीचा रस्ता आहे ह्या भरवशावर पुलावरच्या पाण्यात बैलगाडी वा मोटारसायकल घालण्याचे साहस म्हणूनच अंगाशी येते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांनी गच्च भरलेली नाव उलटली, ती पाण्याने गाव वेढल्यानंतर. घर सोडावयाचे ते रस्ता कोरडा असताना. निघताना गुरांची दावी सोडावीत, कारण बांधलेल्या जनावराला पोहता येत नाही. गावातील शाळा हा बहुधा पहिला आसरा असतो. तिची एक किल्ली शाळेजवळच राहणाऱ्या एखाद्या जबाबदार ग्रामस्थाकडे असावी, एवढी व्यवस्था मुख्याध्यापकांनी पावसाळ्यापूर्वीच करून ठेवावी.

बरोबर घ्यावयाच्या वस्तूंची लांबलचक यादी कोणी पाळीत नाही. विजेरी, नित्याची औषधे, जलसंजीवनीची पाकिटे, थोडे कोरडे अन्न आणि कागदपत्रे एका पिशवीत असली म्हणजे पुष्कळ झाले. शेताची पहाणी संगणकावरून पुन्हा मिळू शकते, पण मुलांच्या गुणपत्रिका व जुनी खरेदीखते परत मिळविताना कुटुंबाची दमछाक होते. म्हणून ती प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, माळ्यावर नव्हे तर दाराजवळ ठेवावीत. पाणी साठविण्याचे शिक्षण मात्र हुबळीकरांना वेगळे देण्याची गरज नाही. नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात त्यांच्या पिढ्या गेल्या आहेत! पुरानंतरचे पाणी मात्र उकळूनच प्यावे.

एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसात वीज पडून शेतात माणसे मरतात. गडगडाट ऐकू येताच झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्यावा. तुटून पडलेल्या तारेजवळ कोणीही जाऊ नये आणि हेस्कॉमला ताबडतोब कळवावे. मदतीसाठी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावेत.

घर पडलेच तर मातीचा ढीग उपसण्याची घाई करू नये. २०१९ च्या पुरानंतर कर्नाटक शासनाने पूर्णतः पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले होते. घराची हानी किती, हे प्रत्यक्ष पाहणीवरून ठरत असल्याने पंचनाम्यापूर्वीच आवराआवर झाली की वाद उपस्थित होतात. आत कोणी अडकलेले नाही अशी खात्री झाल्यावर चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, ग्राम प्रशासन अधिकाऱ्यास लेखी कळवावे आणि त्या अर्जाची पोच घ्यावी. घर उभे असतानाचे, दारात कुटुंब दिसेल असे एखादे छायाचित्र त्याच कागदांच्या पिशवीत आधीपासून असल्यास पंचनाम्याच्या वेळी त्याचा उपयोग होतो.