हुप्प्याचं राज्य

बसा पोरांनो, वात जरा मोठी करतो. आज गोष्ट वानराची. महाबळेश्वरला हातातले चणे हिसकावतं ते लाल तोंडाचं माकड वेगळं. आपलं वानर काळ्या तोंडाचं, अंगाहून लांब शेपटीचं, आमची आजी काठी घेऊन परसात येईस्तोवर शेवग्याच्या कोवळ्या शेंगा फस्त करून वर तिच्याकडंच डोळे वटारून बघणारं. पण त्याच्याकडं जायची वाट माडगूळवरून जाते.

माडगूळ आटपाडी तालुक्यातलं, आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा औंध संस्थानात. ढग सह्याद्री चढता चढता सारं पाणी महाबळेश्वराकडं सांडून येतात, म्हणून खाली माणदेशात वर्षाकाठी वीसेक इंच पाऊस झाला तरी म्हातारी माणसं ‘यंदा बरं झालं’ म्हणतात. अशा उघड्याबोडक्या रानात मेंढरं, ससे, तितर बघत १९२७ साली जन्मलेलं एक पोर वाढलं. व्यंकटेश माडगूळकर, गदिमांचे धाकटे भाऊ. गदिमा अण्णा, तर हे तात्या. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटली, पुढं चित्रं काढली, बंदूकही चालवली, मग ती ठेवून नुसतं बघत बसायचा नाद लागला, आणि पोटासाठी पुण्याच्या आकाशवाणीत नोकरी. १९५५ साली त्यांची ‘बनगरवाडी’ आली, धनगरांच्या वाडीवर गेलेल्या पोरसवदा मास्तराची. एके काळी वाचणारा माणूस ती वाचल्याशिवाय राहत नसे. आता पुष्कळांना अमोल पालेकरांचा सिनेमा तेवढा ठाऊक. असो.

मला विचाराल तर खरं नवल १९८२ च्या ‘सत्तांतर’चं. लहानसं पुस्तक, बसल्या बैठकीला संपणारं. १९८३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातली पात्रं म्हणजे वानरंच. टोळीत एक हुप्प्या, म्हणजे म्होरक्या नर, बाकी वानरिणी नि पिल्लं. बाहेरचे नर टपलेले असतात, एक दिवस त्यातला एखादा जुन्याला हुसकून गादीवर बसतो, आणि मग जे होतं ते ऐकून आमच्या आजीनं काठी खाली ठेवली असती: नवा हुप्प्या अंगावर पिणारी पिल्लं वेचून मारतो.

हे काही लेखकाच्या मनचं नाही बरं का. सांगलीच्या खाली, कर्नाटकात धारवाडच्या रानात, १९६२ साली सुगियामा नावाच्या जपानी माणसानं हेच डोळ्यांनी पाहिलं, आणि पुढं सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी अबूच्या डोंगरावर वर्षानुवर्षं वानरांमागं फिरून त्याचा हिशेब मांडला. पिल्लू दूध पितंय तोवर आई माजावर येत नाही. पिल्लू गेलं की लवकरच येते, आणि सहा-सात महिन्यांनी नवं पिल्लू होतं, ते नव्या हुप्प्याचं. त्याला घाई असते, कारण अबूच्या नोंदींत एकेकाचं राज्य सरासरी सव्वादोन वर्षांचंच. काही पंडित म्हणाले, छे, हे गर्दीमुळं, माणसांनी खायला घातल्यामुळं बिघडलेलं वागणं. मग १९९९ साली नेपाळातल्या वानरांची डीएनए तपासणी आली: मारणारा नर मेलेल्या पिल्लाचा बाप नव्हता, म्हणजे हर्डीबाईंच्या हिशेबाला धरूनच.

तात्या हे सांगताना हुप्प्याला शिव्या देत नाहीत की वानरिणींसाठी रडत बसत नाहीत, आणि ते मला फार मानवतं. पिल्लावर डोळा ठेवणाराही तिथलाच आणि त्याला उराशी घट्ट धरणारीही तिथलीच. कोवळं पिल्लू काळपट असतं, करड्या टोळीत लांबून ओळखू येतं. ते एकीच्या हातून दुसरीच्या हाती असं दिवसभर फिरतं, एखादी तर उलटंसुलटं धरते, तरी आई निवांत पाला खात बसते.

आणि वानरिणीही काही कमी नसतात हं. नवा हुप्प्या आला की आधीच गाभण असलेली एखादी मुद्दाम त्याच्याशी लगट करते. पुढं पिल्लू झालं की तो ते आपलंच समजून सोडून देत असावा, असं हर्डीबाईंचं म्हणणं. जुन्या राजाचा वंश असा नव्या राजाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच राखणीत वाढतो.