जांभळे लाकूड जांभळे राहील का?

पर्पलहार्टची नुकतीच रंधलेली फळी पाहून ग्राहक हमखास विचारतो, याला जांभळे का म्हणतात? ती असते मळकट तपकिरी. काही दिवस उजेडात मोकळी ठेवली की रंग चढू लागतो. गयाना, सुरिनाम, ब्राझीलच्या जंगलांतल्या या झाडाच्या गाभ्यात एक रंगहीन द्रव्य असते. हवा, प्रकाश आणि उष्णता यांच्यामुळे त्याचे जांभळे रंगद्रव्य बनते. म्हणून रंधल्याबरोबर पॉलिश करण्याची घाई करू नये, रंग पुरता खुलू द्यावा. पण ज्या प्रकाशाने रंग आणला, तोच पुढे रंग मोडतो आणि फर्निचर गडद तपकिरी होत जाते.

पॉलिशने हे थांबेल का? पूर्णपणे नाही. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये घातलेले लेप मिळतात. ती द्रव्ये किरणांची ऊर्जा उष्णतेत बदलून टाकतात आणि लाकडापर्यंत कमी मारा पोहोचतो. मात्र रंगद्रव्य दृश्य प्रकाशानेही झिजते. तो अडवणारा लेप पारदर्शक राहणारच नाही, मग रंग दिसणार कसा? लेप फक्त वेळ मिळवून देतो. खिडकीची काच बंद असली म्हणून निश्चिंत राहू नये, कारण अतिनील किरणांतला लांब तरंगलांबीचा बराच भाग साध्या काचेतून आत येतो.

लेपाचा स्वतःचा रंगही पाहायला हवा. जवसाचे तेल किंवा तेलयुक्त पॉलियुरेथेन पिवळसर असते आणि वयाबरोबर आणखी पिवळे पडते. जांभळ्यावर पिवळे चढले की तपकिरी छटा येणारच. पर्पलहार्टसाठी माझी पसंती पाण्यात मिसळणाऱ्या, स्वच्छ पारदर्शक लेपाला आहे, तोही अतिनील-रोधक.

आफ्रिकन पडौकची अडचण वेगळी. अंदमानचा पडौक, आपला बिबला आणि रक्तचंदन हे सारे टेरोकार्पस याच गटातले. पडौकच्या शेंदरी-लाल रंगामागचे सँटलिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये झटकन विरघळते. म्हणजे आपले नेहमीचे, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश बोळ्याने चोळले, की लाल रंग सुटून शेजारच्या फिक्या लाकडावर ओघळतो. सागाच्या किंवा मेपलच्या पट्ट्या जडवलेल्या असतील तर सगळी नक्षी डागाळते. लाखच हवी असेल तर पहिले हात फवारून, पातळ द्यावेत. त्याआधी भुसा ब्रशने किंवा हवेने काढावा. स्पिरिटच्या ओल्या फडक्याने पुसू नये.

शिसवाच्या कुळात मात्र हीच लाख तारते. जवसाचे तेल किंवा तेलयुक्त व्हार्निश सुकते ते हवेतला ऑक्सिजन घेऊन. त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. शिसवाच्या या डाल्बर्जिया गटातल्या लाकडांत नैसर्गिक ऑक्सिडीकरण-रोधके असतात, ती ही साखळीच तोडतात. लेप दिवसेंदिवस चिकट राहतो आणि दोष उगाच पावसाळी हवेला किंवा कारागिराला दिला जातो. लाखेला ऑक्सिजन लागत नाही, स्पिरिट उडाले की ती सुकली. त्यामुळे जुन्या शिसवी पलंगांवर स्पिरिट पॉलिश बिनतक्रार बसले. आज वरून पॉलियुरेथेन द्यायचे असेल तरी खाली मेण काढलेल्या लाखेचा एक हात द्यावा. मेणयुक्त लाखेवर पॉलियुरेथेनची पकड नीट बसत नाही.

दुकानातला नमुना पाहून निर्णय घेऊ नका. सुताराकडून तुमच्याच फळीचा वीतभर तुकडा मागा, त्यावर ठरवलेले पॉलिश पूर्ण करून घ्या, अर्ध्या भागावर काळा कागद घट्ट बांधा आणि तो तुकडा उन्हाच्या खिडकीत महिनाभर ठेवा. कागद काढल्यावर दोन्ही भागांतला फरक पाहा आणि मगच उरलेल्या फर्निचरला हात लावू द्या.