मानेतील रोहिणीचे अस्तर उसवते तेव्हा

२५ नोव्हेंबर २०१४. सिडनीच्या मैदानावर शेफील्ड शील्ड स्पर्धेचा सामना चालू होता. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा डावखुरा फलंदाज फिलिप ह्यूज ६३ धावांवर खेळत असताना एक उसळता चेंडू हेल्मेटच्या कडेखाली त्याच्या मानेवर आदळला. क्षणभर तो उभा राहिला आणि मग कोसळला. २७ तारखेला त्याचे निधन झाले. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. चेंडू लागला मानेवर आणि रक्तस्राव झाला मेंदूभोवती, हे कसे?

मेंदूला चार रोहिण्या रक्त पुरवतात. त्यांपैकी दोन गळ्याच्या पुढच्या बाजूला असतात. तेथे बोटे ठेवली की ठोके जाणवतात. उरलेल्या दोन मागे, मणक्यांतून जातात. त्यांना कशेरुक रोहिण्या म्हणतात (कशेरुक म्हणजे मणका). खांद्याकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीपासून निघालेली ही नळी बहुधा मानेच्या सहाव्या मणक्याच्या बाजूच्या छिद्रात शिरते आणि मण्यांतून दोरा ओवावा तशी एकेका मणक्यातून वर चढते. पहिल्या मणक्यामागे वळसा घेऊन ती कवटीच्या तळाच्या छिद्रातून आत जाते. आत दोघी एकत्र येतात आणि मस्तिष्कस्तंभ, अनुमस्तिष्क व दृष्टीचे केंद्र असलेला मेंदूचा मागचा भाग यांना रक्त देतात.

हाडांच्या कोंदणात ही रोहिणी अगदी सुरक्षित असेल असे वाटते. पण मान वळते! आपण डोके डावी-उजवीकडे फिरवतो तेव्हा जवळजवळ निम्मे वळण पहिल्या दोन मणक्यांमध्ये होते. नेमकी तेथेच रोहिणी ताणली जाते. नेहमीच्या हालचालींना वळशातील सैलपणा पुरतो. अचानक झटक्याला तो पुरेलच असे नाही.

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर फाटला की काय होते ते समजायला अस्तर उसवलेला कोट आठवा. बाहीत हात घालावा तर तो अस्तर आणि कापड यांच्या मध्येच शिरतो व अडकतो. तसेच रक्त दोन थरांच्या मध्ये घुसते. डॉक्टर याला ‘डिसेक्शन’ म्हणतात. आपण भित्तिविदारण म्हणू. भिंतीत साचलेले रक्त आतल्या बाजूस फुगले तर वाट अरुंद होते. फाटलेल्या जागी गुठळी धरते, तिचा तुकडा सुटून वर मेंदूत अडकतो आणि पक्षाघात होतो. उलट, कवटीच्या आत शिरल्यावर या रोहिणीची भिंत पातळ असते. तेथे ती बाहेरच्या बाजूस फुटली तर मेंदूभोवती रक्तस्राव होतो. ह्यूजच्या बाबतीत रक्तस्रावच झाला. असा प्रकार अतिशय विरळा. ऑस्ट्रेलियात १ ऑक्टोबर २०२३ पासून वेगवान गोलंदाजीसमोर हेल्मेटला मानेचे संरक्षक लावणे सक्तीचे झाले आहे.

चेंडूचा तडाखा न बसताही भित्तिविदारण होते, आणि तेच अधिक आढळते. वर्षाला लाखात सुमारे एकाला ते होते. आकडा लहान, पण पक्षाघात हा फक्त म्हाताऱ्यांचा आजार ही आपली समजूत तो खोटी पाडतो. तरुणांच्या पक्षाघाताच्या प्रमुख कारणांत मानेच्या रोहिण्यांचे भित्तिविदारण मोडते. काहींच्या रोहिण्यांची भिंत जन्मतःच कमकुवत असते. काहींना नुकताच जंतुसंसर्ग होऊन गेलेला असतो, तर काहींना अर्धशिशीचा त्रास असतो. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

सुरुवात साधी असते. मानेत मागे, एका बाजूला, पूर्वी कधी न झालेली वेदना. कधी डोक्याच्या मागच्या भागात ठणका. पुढे काही तासांनी, काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनी चक्कर, उलटी, एकाचे दोन दिसणे, तोल जाणे, गिळताना अडखळणे, आवाज घोगरा होणे ही लक्षणे येतात. वेदना आणि लक्षणे यांच्यामधला हा वेळ फार मोलाचा. मानदुखी शेकडो जणांना होते, म्हणून प्रत्येकाने घाबरू नये; पण मानदुखीबरोबर यांतले एखादे लक्षण दिसले, तर तेल चोळत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

एक विलक्षण लक्षण मुद्दाम सांगतो. काही रुग्णांना चेहऱ्याच्या एका बाजूला आणि शरीराच्या दुसऱ्या बाजूला गरम-गार कळेनासे होते! डान्झिगच्या आडोल्फ वॉलेनबर्ग या डॉक्टरांनी १८९५ मध्ये अशा रुग्णाचे सविस्तर वर्णन केले आणि बिघाड मस्तिष्कपुच्छात एका बाजूला असावा असा तर्क केला. रुग्णाच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत तो खरा ठरला. कारण असे, की शरीराकडून वेदना व तापमान यांचे संदेश आणणारे तंतू मेरुरज्जूतच बाजू बदलतात. चेहऱ्याचे तंतू मात्र बाजू न बदलता आधी मस्तिष्कपुच्छात खाली उतरतात. दोन्ही जेथे शेजारी येतात, तेथे रक्त तुटले की चेहरा त्याच बाजूचा आणि अंग विरुद्ध बाजूचे बधिर होते.

साध्या क्ष-किरण चित्रात रोहिणी दिसत नाही. म्हणून शिरेतून रंजकद्रव्य देऊन सीटी अँजिओग्राफी करतात. अरुंद झालेली वाट तीत उमटते. एमआरआयमध्ये चरबीचा उजळपणा दाबून टाकला, की भिंतीत साचलेले रक्त पांढऱ्या चंद्रकोरीसारखे दिसते. मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत ही कोर दिसेलच असे नाही.

मान मोडून घेतल्याने हे होते का? झटक्यानंतर भित्तिविदारण झाल्याच्या नोंदी आहेत. पण कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की हाडे बसवणाऱ्यांकडे जाण्याशी या पक्षाघाताचा जेवढा संबंध दिसतो, तेवढाच साध्या डॉक्टरकडे जाण्याशीही दिसतो. म्हणजे रोहिणी आधीच फाटलेली, तिच्यामुळे मान दुखली आणि म्हणून माणूस उपचाराला गेला, असेही अनेकदा घडत असावे. कारण कोणते आणि परिणाम कोणता? वाद अजून मिटलेला नाही. तरीही केस कापून झाल्यावर कटकन मान मोडण्याची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही. लाभ काही नाही, आणि रोहिणी आधीच फाटलेली असेल तर झटका घातकच.

उपचारात रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी औषधे देतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे बरी की रक्त गोठू न देणारी, हे ब्रिटन व ऑस्ट्रेलियात मिळून २५० रुग्णांवर तपासले गेले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला. दोन्ही गटांत नवे पक्षाघात फारच थोडे होते, आणि फरक निश्चित सांगता येईना. बहुतेकांची भिंत तीन ते सहा महिन्यांत भरून येते आणि पुन्हा चित्र घेतले तर वाट मोकळी झालेली आढळते.