मोटर न्यूरॉन आजार : ओळख आणि सेवा



पाण्याचा तांब्या उचलायचा झाला, तर मेंदूतून आज्ञा निघते, मज्जारज्जूपर्यंत येते आणि तेथून हाताच्या स्नायूंना पोहोचते. ही आज्ञा नेणाऱ्या चेतापेशींना मोटर न्यूरॉन म्हणतात. त्या हळूहळू मरू लागल्या, की स्नायू दुबळे होतात आणि सुकतात. या आजाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे ए.एल.एस. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले.

सुरुवात लहान गोष्टींनी होते. शर्टाचे बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते, जीभ अडखळते, पाणी पिताना ठसका लागतो. पुढे दुर्बलता पसरते व शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. बहुतेक रुग्ण लक्षणे दिसू लागल्यापासून दोन ते पाच वर्षे जगतात, काही बरीच अधिक. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान झाले. ते २०१८ पर्यंत जगले.

हा आजार संसर्गाने होत नाही, करणीनेही नाही. तो पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही; रिल्युझोल त्याचा वेग थोडा कमी करते.

मात्र हातातली ताकद गेली म्हणजे हाच आजार, असे नव्हे. यात स्पर्श सहसा शाबूत असतो. दुर्बलतेबरोबर बधिरपणा किंवा अंगावर बधिर चट्टा असेल, तर कुष्ठरोग तपासलाच पाहिजे. तो औषधाने बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबल्यानेही हात-पाय दुबळे होतात. त्यावर उपचार आहेत. म्हणून पाड्यावर कोणाची शक्ती कमी होताना दिसली, तर “वय झाले” म्हणून सोडू नका. लवकर आरोग्य केंद्रात न्या.

रुग्णाच्या भेटीला जाल, तेव्हा लक्षात ठेवा : वाचा गेली तरी त्याला ऐकू येते, दिसते आणि बहुतेकांना सारे समजते. त्याला वगळून घरच्यांशीच बोलू नका. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येईल, असे प्रश्न विचारा आणि थांबा. डोळ्यांची हालचाल सहसा शेवटपर्यंत टिकते. पाटीवर मुळाक्षरे लिहून बोट फिरवा; हव्या त्या अक्षरावर तो डोळे मिटेल. भरवताना ताठ बसवा, घास मऊ व लहान ठेवा, घाई करू नका.

आणि रात्रंदिवस त्याची कूस बदलणाऱ्या पत्नीला किंवा सुनेला विसरू नका. आठवड्यातून दोन तास तुम्ही रुग्णाजवळ बसलात, तर तिला झोप मिळेल.