पिवळी गाडी घरी आणताना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळकरी मुलांची ने-आण करणारी जी पिवळी मोटार गावोगाव दिसते, तिची चाकरी साधारणतः बारा ते पंधरा वर्षांची असते. ती संपली म्हणजे शाळा-जिल्ह्याचे खाते तिला जाहीर लिलावात काढते, आणि ‘जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ या अटीवर, म्हणजे तिच्या कोणत्याही दोषाची जबाबदारी न पत्करता, ती कोणा गृहस्थाच्या नावे करून देते. हा गृहस्थ पुष्कळदा परराज्यातला असतो. कोणाला तिच्यात चूल, बिछाना आणि पाण्याची टाकी बसवून फिरते घर थाटायचे असते, कोणाला चर्चच्या मंडळींसाठी ती हवी असते, तर कोणाला ती थेट ग्वाटेमालात न्यायची असते. परंतु या सर्व मनोरथांच्या आधी एक कार्य अटळपणे पुढे उभे राहते, आणि ते म्हणजे जिच्या इंजिनाचा आवाजही अद्याप ओळखीचा झालेला नाही अशी चाळीस फुटांपर्यंत लांब आणि आठ-दहा टन वजनाची गाडी शेकडो मैल हाकून आपल्या अंगणात आणणे.

या प्रवासाचे वर्णन गाडीच्या जन्मापासून आरंभणे मला आवश्यक वाटते. कारण तिचा रंग, तिची आसने, तिचे गिअर, यांपैकी एकही गोष्ट हमरस्त्याने दूर जाणाऱ्या प्रवाशाला डोळ्यांपुढे ठेवून ठरविलेली नाही. ते सारे शेताकडेच्या रस्त्यावर पहाटेच्या अंधुक उजेडात उभ्या राहिलेल्या मुलासाठी ठरविले गेले, आणि त्या निर्णयांचे ओझे व त्यांचे पुण्य अशी दोन्ही तिच्या दुसऱ्या धन्याच्या वाट्याला येतात.

१९३७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजचे प्राध्यापक फ्रँक सायर यांनी ग्रामीण शालेय वाहतुकीची पाहणी केली, तेव्हा मुले मालमोटारींतून, वाटेल त्या रंगाच्या बसगाड्यांतून, आणि कॅन्सस राज्यात तर गहू वाहण्याच्या घोडागाडीतून शाळेला जात असल्याचे त्यांना आढळले. पुढे १९३८ च्या डिसेंबरात युटा राज्यात, हिमवादळात रूळ ओलांडणाऱ्या शाळेच्या गाडीवर मालगाडी आदळून वीसहून अधिक मुले प्राणास मुकली. रुळांपाशी शाळेच्या गाडीने थांबून कानोसा घेतलाच पाहिजे, हा आज पाळला जाणारा दंडक त्या अनर्थातून उपजला. त्यानंतर चारच महिन्यांनी, म्हणजे १९३९ च्या एप्रिलात, सायर यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या ५,००० डॉलरांच्या साहाय्यावर एक परिषद भरविली. अठ्ठेचाळीसही राज्यांचे प्रतिनिधी, मोटारींचे कारखानदार आणि रंगतज्ज्ञ सात दिवस एकत्र बसले आणि गाडीच्या लांबी-उंचीपासून मधल्या वाटेच्या रुंदीपर्यंत ४४ प्रमाणे निश्चित करून उठले. रंगासाठी फिकट पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंतच्या छटांच्या पट्ट्या भिंतीवर टांगल्या होत्या. त्यांतून जी निवडली गेली, ती सकाळ-संध्याकाळच्या संधिप्रकाशात काळी अक्षरे सर्वांत स्पष्ट दाखविणारी होती. देशभरातील परस्परांना अनोळखी माणसे आठवडाभर बसून केवळ मुलांच्या सुरक्षिततेसाठी एकमत होतात, ही घटना मला त्या शतकातील मुलकी कर्तृत्वाचा एक थोर नमुना वाटते.

बांधणीची कथा याहून थोडी जुनी आहे. जॉर्जिया राज्यातील फोर्ट व्हॅली येथे फोर्ड मोटारी विकणाऱ्या अल्बर्ट ल्यूस यांनी एका गिऱ्हाइकास लाकडी सांगाड्याची बस विकली होती. तिचे पैसे फिटण्यापूर्वीच ती खिळखिळी झाली, तेव्हा १९२७ साली त्यांनी पोलादी सांगाड्याची बस स्वतःच बांधली, आणि त्यातून ब्लू बर्ड हा कारखाना उभा राहिला. उत्तर कॅरोलिनातील हाय पॉइंट येथील थॉमस यांचा कारखाना आधी ट्रामगाड्या बांधीत असे. या कारखान्यांची रीत बहुधा अशी की, खालचा पाया मालमोटारीच्या कारखान्यातून आणावा आणि त्यावर आपली पेटी रिबिटांनी उभारावी. लांबच्या प्रवाशाच्या दृष्टीने ही फार भाग्याची गोष्ट आहे. कारण वाटेत गाडी अडली तर इंटरनॅशनल, कमिन्स किंवा कॅटरपिलरच्या इंजिनाचे सुटे भाग आणि ते बसविणारा कारागीर हे दोन्ही मालमोटारींच्या कोणत्याही मोठ्या थांब्याजवळ मिळू शकतात.

गाडी विकत घेताना सर्वांत आधी पाहावी ती चालकाच्या आसनाजवळची निर्मितीची पाटी, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याला कारण आहे. १ एप्रिल १९७७ पासून नव्या शालेय गाड्यांना मध्यवर्ती सरकारचे कडक नियम लागू झाले: छताने रिकाम्या गाडीच्या दीडपट भार सोसला पाहिजे, पत्र्यांचे जोड सहजी उसवता कामा नयेत, इंधनाची टाकी धक्क्याने फुटता कामा नये, आणि आसनांच्या पाठी उंच, गुबगुबीत व एकमेकींच्या जवळ असल्या पाहिजेत, म्हणजे आंब्याच्या पेटीत प्रत्येक फळाभोवती पेंढा असतो तसे प्रत्येक मूल आपल्या जागी जपले जाईल. १९८८ च्या मे महिन्यात केंटकी राज्यातील कॅरोल्टन गावाजवळ, शाळेच्या सेवेतून निघून एका चर्चकडे गेलेल्या अशाच गाडीला दारूच्या अमलाखाली उलट दिशेने येणाऱ्या चालकाने धडक दिली. टाकी फुटून आग लागली आणि २७ जण मृत्युमुखी पडले. त्या गाडीचा पाया नवे नियम लागू होण्याच्या अवघे काही दिवस आधी तयार झाला होता. जुनी बस ज्यांना माणसे नेण्यासाठी घ्यायची असेल, त्यांनी पाटीवरची ती तारीख वाचल्यावाचून बयाणा देऊ नये.

गाडी कोठली, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि ते मीठ खालच्या सांगाड्याला, ब्रेकच्या नळ्यांना आणि चाकांवरच्या कमानींना वर्षानुवर्षे खात राहते. वरचा पिवळा रंग मात्र तसाच झळकत असतो. म्हणून जाणते खरेदीदार ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखातील गाडीसाठी लांबची वाट पत्करतात.

मालकीचा दस्तऐवज, तात्पुरती नोंदणी आणि विमा ही तिन्ही हातात आल्यावरही लगेच निघू नये. टायरच्या कडेवर कोरलेल्या अंकांतील शेवटचे चार अंक त्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुने रबर उन्हात आतून विरते, आणि पुढचे टायर फुटले तर सुकाणू हातात राहणे कठीण. तेव्हा इतर सर्व बाबतींत काटकसर करावी, पुढच्या दोन टायरांत करू नये. दुसरे भय डिझेलच्या टाकीत दडलेले असते. लिलावाच्या आवारात महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी गाळ आणि शेवाळासारखा थर साचतो. गाडी उभी असेतो तो शांत असतो, आवारातल्या फेरीतही त्रास देत नाही, परंतु हमरस्त्यावर तासभर हेलकावे बसले की वर उठून फिल्टर चोंदवतो, आणि पुरते तेल असूनही इंजिन घुसमटू लागते. नवागत मालकाला वाटते इंजिनच गेले. वस्तुतः त्याला हवा असतो फक्त एक नवा फिल्टर. तो, पंख्याचा पट्टा आणि पाण्याच्या नळ्या बरोबर घेतल्याशिवाय निघणे हा अविचार होय.

हवेच्या ब्रेकची रचना ज्याने समजून घेतली नाही, त्याने ही गाडी हाकू नये. पुष्कळांची समजूत असते की हवा गेली म्हणजे ब्रेक गेला. प्रत्यक्षात उभे राहण्याचा आणि संकटकाळचा ब्रेक एका दणकट स्प्रिंगने लागतो, आणि हवेचा दाब त्या स्प्रिंगला आवरून धरतो. तबकडीवरचा काटा दर चौरस इंचास १२० पौंडांच्या सुमारास चढला म्हणजे गाडी निघण्यास सिद्ध झाली. तो ६० च्या आसपास उतरला की इशाऱ्याचा भोंगा वाजतो, आणि आणखी उतरला तर स्प्रिंगा मोकळ्या होऊन चाके जागच्या जागी जखडतात. बिघाडाच्या प्रसंगी गाडीने धावण्यापेक्षा थांबावे, असा हा निर्णय आहे; आत मुले बसलेली आहेत असे गृहीत धरून तो घेतलेला आहे.

आणि मग रस्ता. पहिल्याच तासात मालकाला कळून चुकते की ही गाडी घाईची नाही. तिच्या मागच्या आसाच्या दात्यांचे प्रमाण दर फर्लांगाला थांबून पुन्हा भाराने उठण्यासाठी बांधलेले असते, त्यामुळे कित्येक गाड्यांत ताशी ५५ मैलांच्या वेगाला इंजिन आपल्या फेऱ्यांच्या शिखरावर असते आणि वेग-नियंत्रक त्यापुढे जाऊ देत नाही. मालमोटारी शेजारून जाताना त्यांच्या वाऱ्याने गाडीची सपाट उंच कूस ढकलली जाते, आणि वायोमिंगच्या उघड्या माळावर तर वाराच सुकाणू धरू पाहतो. साठ-सत्तर मुलांच्या भारासाठी बसविलेल्या कमानी रिकाम्या गाडीखाली वाकत नाहीत, म्हणून रस्त्याचा प्रत्येक सांधा कण्यापर्यंत पोहोचतो. खिडक्यांच्या दुहेरी काचा खडखडतात. मागच्या संकटकालीन दाराची कडी धक्क्याने किंचित सरकली तरी तिची घंटा वाजू लागते. वळताना मागच्या चाकांपलीकडे लोंबणारे शेपूट उलट बाजूला हातभर बाहेर झुकते, आणि डिझेलच्या पंपाशी ते कोणाच्या मोटारीला लागेल याचे भान आरशातून सतत ठेवावे लागते. दर गॅलनला आठ-दहा मैल हा तिचा आहार. प्रत्येक थांब्यावर खाली उतरून चाकांच्या मध्याजवळ हात न्यावा. एकच चाक इतरांहून अधिक तापले असेल तर तेथे ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग जात आहे असे समजावे, आणि पुढे जाण्याचा मोह आवरावा.

खरी कसोटी डोंगरात लागते. चढावर गाडी रांगते, तीत नामुष्की काहीच नाही. पाण्याची उष्णता वाढू लागली तर भर उन्हाळ्यातही आतल्या शेगड्या सुरू करून इंजिनाची धग गाडीत घ्यावी, ही जुन्या चालकांची युक्ती उपयोगी पडते. भीती उताराची. जुन्या गाड्यांत अॅलिसन कंपनीचा ‘एटी ५४५’ हा चार गतींचा स्वयंचलित गिअर फार आढळतो. त्यातील, इंजिन आणि गिअर यांना जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर कधीच घट्ट जुळत नाही, त्यामुळे उतारावर इंजिनाचा अडसर जवळजवळ मिळतच नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ऑरेगॉनमध्ये पेंडलटनच्या वरच्या अंगाला महामार्ग ज्या वळणांनी खाली उतरतो, तेथे ब्रेकवर पाय ठेवून सरळ येणाऱ्याचे ब्रेक पायथ्यापूर्वीच तापून निकामी होण्याचा धोका असतो. शहाणा चालक माथ्यावरच वेग मोडतो. ताशी ४० मैल ही मर्यादा ठरवली असेल तर काटा तेथे येताच दमदार ब्रेक लावून गाडी ३५ वर आणतो, पाय पूर्ण उचलतो, आणि काटा पुन्हा ४० ला आला की तेच करतो. कसाऱ्याचा वा खंबाटकीचा घाट रोज उतरणाऱ्या आपल्या एस.टी.च्या चालकाला या शिकवणुकीचे मर्म सांगावे लागणार नाही.

या गाड्यांनी केलेले काही प्रवास इतिहासात नोंदले गेले आहेत. कादंबरीकार केन कीझी यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला जी रंगीबेरंगी बस नेली, ती १९३९ सालची इंटरनॅशनल हार्वेस्टरची शाळेची गाडी होती. परंतु मला अधिक आदर वाटतो तो अशा अनामिक चालकांचा, जे अमेरिकेतल्या लिलावात घेतलेली गाडी, कधी तिच्यामागे दुसरी जुनी मोटार ओढीत, टेक्सासच्या दक्षिण टोकाला सरहद्द ओलांडून, सबंध मेक्सिको पार करून ग्वाटेमालात पोहोचवितात. तेथे तिला नवे रंग चढतात, छतावर सामानाचा पिंजरा बसतो, पुष्कळदा डोंगरी वळणांसाठी तिची लांबी कापून हाताचा गिअर घातला जातो, आणि ती बाजाराला निघालेल्या माणसांची ‘कामियोनेता’ बनून आणखी कित्येक वर्षे चालते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांपैकी कोणी अशी गाडी घेणार असेल, तर त्याला माझी एक विनंती आहे. तेथील पन्नासही राज्यांत असा कायदा आहे की, शाळेच्या गाडीचे तांबडे दिवे लुकलुकू लागले म्हणजे इतर वाहनांनी थांबलेच पाहिजे; तो पाळला जातो तो त्या दिव्यांवरील विश्वासाने. खासगी मालकाच्या हाती गेलेल्या गाडीवर तेच दिवे, तीच ‘थांबा’ची पाटी आणि ‘स्कूल बस’ ही अक्षरे तशीच राहिली तर तो विश्वास झिजतो, आणि अनेक राज्यांत तसे करणे हा गुन्हाही ठरतो. रंग बदलण्यास काही अवधी लागेल, नोंदणीच्या राज्याचे नियम पाहून तो सावकाश बदलता येईल. पण दिव्यांच्या तारा सोडवून, पाटी काढून आणि अक्षरे झाकून मगच गाडी विक्रेत्याच्या आवाराबाहेर काढावी.