यंदा बारा पुस्तकं!

दोस्तांनो, नवीन वर्ष लागलं की आपण काय काय ठरवतो! पहाटे उठायचं, अक्षर सुधारायचं, रोज पाढे म्हणायचे. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत त्यातलं निम्मं विसरायला होतं. म्हणून मी एकच संकल्प सुचवते. वर्षभरात विज्ञानकथांची आणि अद्भुतकथांची मिळून बारा पुस्तकं वाचायची, महिन्याला एक. रोज झोपण्यापूर्वी सात पानं वाचली तरी महिन्यात दोनशे पानांचं पुस्तक हातावेगळं होतं. 'खूप वाचीन' असं मात्र ठरवू नका. 'खूप' मोजता येत नाही, बारा मोजता येतात.

आमच्या उर्से गावातल्या मुलांना हे सांगितलं, तर एकानं तोंडावरच विचारलं, "बाई, खोट्या गोष्टी वाचून काय मिळतं?" प्रश्न रोखठोक होता. घरोघरी मोठी माणसंही हेच विचारतात. पाचवीच्या पुढे तर 'अभ्यासाचं वाच' म्हणून गोष्टीचं पुस्तक थेट माळ्यावर जातं! तेव्हा उत्तर नीटच द्यायला हवं.

१८६५ साली फ्रान्सच्या ज्यूल व्हर्ननं चंद्रावर जाण्याची गोष्ट लिहिली. त्यात अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये नऊशे फूट लांबीची प्रचंड तोफ जमिनीत पुरतात आणि तीन माणसांना गोळ्यात बसवून चंद्राकडे उडवतात. आता जरा हिशेब करू. आमच्या गावाजवळून एक्स्प्रेस-वे जातो. त्यावर एखादी गाडी जोरात सुटली की आपली पाठ सीटला चिकटते. ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला तिला दहा-बारा सेकंद तरी लागतात. व्हर्नच्या गोळ्याला मात्र सेकंदाला अकरा किलोमीटरचा वेग तोफेच्या नळीतच घ्यायचा आहे, म्हणजे सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात! आतल्या माणसांना आपलं वजन वीस हजार पटींहून जास्त झाल्यासारखं वाटेल. वाटेल कसलं, त्यांची पोळीच होईल!

म्हणजे गोष्ट खोटी ठरली. पण ती वाचून वेडा झालेला एक वाचक बघा. रशियातल्या कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की या मुलाला लहानपणीच्या तापानंतर नीट ऐकू येईनासं झालं आणि त्याची शाळा सुटली. तो मॉस्कोच्या ग्रंथालयात बसून आपला आपण शिकला आणि पुढे शाळामास्तर झाला. (आमच्याच पंथातला!) तोफेनं जमणार नाही, मग कशानं जमेल, याचा तो वर्षानुवर्षं विचार करत राहिला. हळूहळू वेग वाढवत नेणारा अग्निबाणच माणसाला पृथ्वीबाहेर नेईल, हे गणित त्यानं १९०३ मध्ये छापलं. १९६९ मध्ये अपोलो-११ अग्निबाणावर बसूनच चंद्राकडे निघालं. निघालं तेही फ्लोरिडातूनच, आणि आत माणसंही तीनच होती.

व्हर्नच्या गोष्टी मराठी मुलांना गोडीनं सांगितल्या त्या 'फास्टर फेणे'वाल्या भा. रा. भागवतांनी. सुरुवात तिथून करा. मग जयंत नारळीकर घ्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पण त्यांना नावाच्या वजनावर बक्षीस नको होतं. पहिला नंबर आलाच! मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांचं 'यक्षांची देणगी' तुमच्या बारांत असायलाच हवं.

अद्भुतकथा मला तितक्याच आवडतात. पुराणातला ककुद्मी राजा मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो आणि थोड्या वेळानं परततो, तर पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटलेली! कृष्णविवराजवळ घड्याळ हळू चालतं, हे शिकल्यावर ही गोष्ट पुन्हा वाचा. पुराण 'असं झालं' एवढंच सांगतं. विज्ञानकथेला 'कसं झालं' हेही सांगावं लागतं. 'वीरधवल' लिहिणारे नाथमाधव सिंहगडच्या कड्यावरून पडून कमरेखाली लुळे झाले होते. असा माणूस अंथरुणावर पडून कुठे कुठे हिंडून येत असेल!

पुस्तकं आणायची कुठून? आधी शाळेचं कपाट उघडायला लावा. तळेगाव-लोणावळ्याला जाणं झालं की तिथल्या वाचनालयात डोकवा. 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. आईबाबांचा फोन हातात आलाच, तर तेही बघा.

आणि एक वही करा. प्रत्येक पुस्तकासाठी एक पान ठेवा. एका बाजूला आज खरं ठरलेलं लिहा आणि दुसऱ्या बाजूला न पटलेलं. व्हर्नच्या गोष्टीचा पुढचा भाग १८७० साली आला. त्यात प्रवाशांचा कुत्रा मरतो, म्हणून ते त्याला खिडकीतून बाहेर टाकतात, तर तो यानाच्या बरोबरीनंच अवकाशात तरंगत येतो. आमच्या एका मुलीला हा भाग वाचून दाखवला. यानाबाहेर टाकलेली वस्तू यानाबरोबरच जाते, हे तिनं 'खरं' बाजूला लिहिलं. 'न पटलेलं' बाजूला तिची एकच ओळ आहे : "खिडकी उघडली तर आतली हवा कुठे गेली?"